सापाची गार बाजू

साप पाहुणा म्हणून आलाय कधी तुमच्याकडे? नव्वदच्या दशकात आम्ही टोकियोत होतो. ह्यांच्या ऑफिसातले तानाका-सान ऐन थंडीत गावी गेले आणि आपला साप काचेच्या पेटीसकट आमच्याकडे ठेवून गेले. पेटीखाली गरम चटई होती, पण अर्ध्याच भागाला! मला वाटलं, बिचाऱ्यांना आखूड मिळाली. मी आमची विजेवर तापणारी सतरंजी अख्ख्या पेटीखाली सरकवली. साप तडक पाण्याच्या भांड्यात जाऊन बसला. घाबरून फोन केला.

तानाका-सान म्हणाले, "अर्धी बाजू गारच हवी. कुठे बसायचं ते त्याचं तो ठरवतो."

सतरंजी परत आमच्या खोलीत आली. तिलाही अर्धी बंद करायचं बटण निघालं.

"अगं, वीज वाचेल," हे म्हणाले.

तेव्हापासून गरम बाजूला हे, गार बाजूला मी. सापाचं साप ठरवतो. माझं कुणी ठरवलं, ते अजून कळलेलं नाही.