जावयाचं लोखंड

परदेशात जावयाकडे राहायला गेलो, तेव्हा त्याच्या नादी लागून मी तिथल्या अर्विंग गावच्या रायफल रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, गेलो होतो, ते ऐका. तिथला मालक झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या उचलून पुन्हा भरायचा, म्हणून फक्त पितळी काडतुसं चालायची. लोखंडी आणली तर कायमचं बाहेर.

जावई छाती काढून म्हणाला, "ऑल ब्रास, सर."

मालकानं लोहचुंबक लावला. काडतूस चटकन चिकटलं. वरून पितळेचा मुलामा, आत लोखंड. मालकाच्या कमरेला पिस्तूल, जावयाच्या कपाळावर घाम.

मी म्हटलं, "जावईबापू, लोकांचं पितळ उघडं पडतं, तुमचं लोखंड पडलं."

"बाबा, गप्प बसा."

"म्हातारा काय म्हणाला?" मालक गुरगुरला. "खरं सांग."

जावयाला सगळं इंग्रजीत सांगावं लागलं.

मालक म्हणाला, "म्हातारा उद्यापासून येऊ दे. तू नको."