अंजनाआत्याच्या ओव्या अन् तीन पायांचा स्टँड

...नाही, तुम्हीच सांगा ना, खुर्चीले चार पाय, ते उभी राहते, समजलं. कोंबडीले दोन, तेही उभी राहते. अन् ह्या कॅमेऱ्याच्या स्टँडले चांगले तीन-तीन पाय, तरी उभा राहात नाही म्हणजे काय गा? आमचा धम्मानंद, बुटीबोरीच्या सूतगिरणीत माझ्याच पाळीत आहे, त्याचा अख्खा आठवडा ह्या एका सवालात गेला. पोरगी पाहताना एवढे जोडे झिजवले नव्हते त्यानं!

आता स्टँड पाहिजे काहून? तर त्याची अंजनाआत्या. वय अठ्ठ्याहत्तर. लहानपणी आईजवळ जात्यावर बसून शिकलेल्या भीमाच्या ओव्या, शंभराच्या वर, सगळ्या तोंडपाठ, अन् एकही कुठं लिहून नाही. म्हणणारी ते एकटीच उरली. त्यात दम्यानं आवाज बसत चालला, अन् तिचा पोरगा रविवारी तिले पुण्याले घेऊन चालला, कायमची. म्हणजे रविवारच्या आत ओव्या कॅमेऱ्यात आल्या तर आल्या, नाहीतर गेल्या. आईमागं आत्यानंच वाढवलं न धम्मानंदले, जीव तुटून राहिला होता बिचाऱ्याचा.

तुम्ही म्हणाल, हातात धरून काढाचं ना बापा! काढलं. बारा तासांची पाळी करून आलेला हात तो, व्हिडिओ पाहून दिपाली, म्हणजे त्याची बायको, म्हणे घरात भूकंप आला काय. मग सोमवारी कॅमेरा पिठाच्या डब्यावर ठेवला. आत्या डाळ निवडता निवडता मस्त म्हणून राहिली होती, दुसऱ्या ओवीत कॅमेरा घसरला तो थेट डाळीत. झालं, अर्धा तास डाळ अन् कॅमेरा दोन्ही निवडत बसले.

मंगळवारी ऑनलाइन स्टँड मागवला, पाचशेचा, संध्याकाळी आलाही. लिहिलं होतं, पाच किलो पेलते. कॅमेरा एक किलोचा नाही, तरी स्टँडनं हळूहळू अशी मान टाकली जसा भाषणात बसलेला माणूस... मग एक पाय आपोआप आत गेला. अरे, तीन पाय असून उभा राहात नाही म्हणजे काय गा!

बुधवारी बर्डीच्या बाजारात गेला. दुकानदार जितेंद्रभाऊ, मोठा ग्यानी माणूस. “भैय्या, मधला दांडा वर नाही कराचा, हालतेच. पाय जाड पाह्यजे. क्लिप प्लास्टिकची नाही चालत.” सगळं पटलं. किंमत विचारली, सहा हजार. “आपला बजेट?” पंधराशे म्हटल्यावर तो असा हसला, जसं धम्मानंदनं त्याले दुकानच मागितलं! अन् पंधराशेत जो दाखवला तो पंख्याच्या हवेनं थरथरे.

गुरुवारी दिपालीनं डोकं चालवलं. पाचशेवाल्याची मान पट्टीनं बांधली, मधात कांद्याची थैली लटकवली, वजनानं बसते म्हणे. बसला! फक्त कांदे झुलत होते, अन् त्यांच्यासंगं कॅमेरा. तीन पाय, वरून दोन किलो कांदे, तरी उभा राहात नाही म्हणजे काय गा!

शेवटी शुक्रवारी कन्हानले भैय्याजीकडे गेला. त्यांचा फोटो स्टुडिओ बंद पडलेला, जुना स्टँड माळ्यावर. लोखंडी, चौदाशे. एकट्यानं उचलत नाही असा. “रेल्वे गेली बाजूनं तरी हालणार नाही,” भैय्याजी म्हणाले. अन् खरंच सांगतो, धम्मानंदनं ढकलून पाहिलं, तो स्वतः मागं गेला, स्टँड तिथंच.

शनिवारी सकाळी लावला. आत्या आली. निळ्या काठाचं पातळ, तोंडाले पावडर, हात गुडघ्यावर, नजर सरळ कॅमेऱ्यात. “म्हण आत्या.” आत्या चूप. याले वाटलं आठवून राहिली असंन. दहा मिनिटं, वीस, चाळीस मिनिटं! माशी नाकावर बसली, आत्यानं हाकलली नाही. याचा धीर सुटला.

“काहून म्हणून नाही राहिली वं आत्या?”

ओठ न हालवता आत्या म्हणे, “बाबू, स्टँड लावल्यावर हालत नाहीत. माह्या लग्नात मी पापणी हालवली, तर फोटोवाल्यानं अख्खी वऱ्हाडी मंडळी पुन्हा उन्हात उभी केली होती.”

मग समजावलं, की आत्या, हा फोटो नाही, व्हिडिओ होय. तिनं हो म्हटलं. यानं बटण दाबलं की आत्या पुन्हा पुतळा! दुपारपर्यंत हेच. धम्मानंद रडाचा बाकी होता.

रविवारी स्टेशनवर सोडाले ऑटो केला. गठोडं मांडीवर, रस्त्यात खड्डे, अन् वर्धा रोडले लागताच आत्यानं आपसूक ओवी उचलली. मग दुसरी. यानं घाईघाईनं मोबाइल काढला. स्टेशन येईपर्यंत चार झाल्या, शंभरातल्या चार. चौदा एप्रिलले, भीमजयंतीले येते म्हणून गेली.

मी दोन्ही व्हिडिओ पाहिले. घरचा चाळीस मिनिटांचा, एकदम स्वच्छ, त्यात काहीच हालत नाही, आत्यासुद्धा. अन् ऑटोतल्यात आत्या कमी, ऑटोवाल्याची पाठ अन् मेट्रोचे खांबच जास्त, पण चारही ओव्या पूर्ण.

आता तो स्टँड विकून राहिला, कोणाले पाहिजे असंन तर सांगा. तो म्हणते, चौदाशेत एप्रिलमधी ऑटो दिवसभर भेटते.