राहिलेली खिडकी

सासू : हलू नका, जावईबापू. तुमच्या कानावर बसलाय.

जावई : मग मारा ना.

सासू : जावयाच्या कानाखाली? लोक काय म्हणतील.

जावई : होडीत आपण दोघंच आहोत, आई. मारा.

(फट्‌ असा आवाज.)

सासू : उडाला मेला. लागलं का हो?

जावई : नाही. जरा कमी ऐकू येतंय, इतकंच. पण हे डास येतात कुठून? दाराला जाळी, छतातल्या खिडकीला जाळी, दोन्ही बाजूंच्या गोल खिडक्यांना जाळी. नांगराची साखळी जाते त्या भोकातसुद्धा मी तुमची उशी कोंबलीय.

सासू : माझी उशी?

जावई : जुनी.

सासू : काल सगळं घर पालथं घातलं मी तिच्यासाठी.

जावई : आई, उशीचं नंतर बघू. तुमची लेक ऑफिसातून थेट इथेच येतेय, आणि तिची अट तुम्हाला माहीत आहे. संध्याकाळी दिवा लावून केबिनमध्ये बसायचं. आईला एक डास चावला, तरी होडी विकायची.

सासू : तिचं तरी काय चुकलं? मागच्या खेपेला माझा डोळा एवढा सुजला, की शेजारीण तुमच्याकडे संशयाने बघायला लागली.

जावई : म्हणून तर हा खटाटोप. तुम्ही पाय का खाजवताय?

सासू : सवय आहे.

जावई : मला वाटतं, तुम्ही जाळीला घातलेल्या चुण्यांमधूनच शिरतात ते. मी खिडकीचं नेमकं माप दिलं होतं. तुम्ही दीडपट जाळी लावलीत.

सासू : दीडपट कापड घेतल्याशिवाय पडद्याला पडदा म्हणत नाहीत. जन्मभर पडदे शिवलेत मी.

जावई : पण ही जाळी आहे.

सासू : म्हणून काय तिने उघडंबोडकं राहायचं? आणि माझ्या चुण्यांमधून मुंगी जायची नाही. दाराच्या जाळीच्या दुमडीत शिशाचे मणी शिवलेत. कितीही वारा येऊ दे, जागची हलणार नाही.

जावई : जाळी हलत नाही, पण होडी हलते. मग ते मणी माझ्या टाळक्यात बसतात.

सासू : वाकून आत यावं. सासूच्या कामापुढे वाकल्याने कोणी लहान होत नाही.

जावई : थांबा. न्हाणीघराकडून गुणगुण ऐकू येतेय.

सासू : तिकडे नका जाऊ. ओलं असेल.

जावई : आई, या टॉवेलमागे खिडकी आहे.

सासू : असेल.

जावई : उघडी आहे. जाळीच नाही हिला.

सासू : राहिली असेल.

जावई : सगळ्या झाल्या म्हणालात ना तुम्ही?

सासू : शिवून झाल्या म्हणाले. लावून झाल्या असं कुठे म्हणाले? ती माझ्या पिशवीत आहे.

जावई : पिशवीत? मग लावली का नाहीत? माझी होडी जाईल, आई.

सासू : दुकानात आमची एक रीत होती. घरभर पडदे लावायचे, पण एक मागे ठेवायचा. तो एकटा घेऊन पुन्हा जायचं. मग लोक बसवून घ्यायचे, चहा द्यायचे, पोराबाळांचं सांगायचे. शेवटचा पडदा लागला, की शिवणारीला कोण विचारतं.

जावई : मग?

सासू : मग काय. दुकान बंद झाल्यापासून मी घरात भिंती बघत बसायची. गेले काही दिवस तुमच्याबरोबर इथे येते, तुमच्याशी भांडते, रात्री झोप लागते. ही जाळी लावली, की उद्या मी कशाला येऊ?

जावई : हे मला सांगायचं होतंत.

सासू : जावयाला? आणि डास त्या एवढ्याशा खिडकीतून येतील असं वाटलं नव्हतं. घ्या पिशवी, लावून टाका. तुमची होडी मोठी की माझा चहा.

जावई : राहू द्या ती पिशवीतच. टॉवेल नीट खोचतो. धक्क्यावर पावलं वाजतायत. पाय झाका तुम्ही.

मुलगी : काय रे, हा पडदा आहे की लोढणं? कपाळ फुटलं माझं. आई, चावला का डास?

सासू : कुठला डास?

मुलगी : आणि याचा कान लाल कशाने झाला?

जावई : आईंनी मारलं.

मुलगी : आई?

सासू : चुण्यांना नावं ठेवत होते.

मुलगी : मग ठीक. पाय का झाकलेस एवढ्या उकाड्यात? बघू. अगबाई, एक नाही, अख्खी रांग आहे इथे. कुठून आले हे? आणि आई, तुझ्या पिशवीतून जाळी डोकावतेय.

सासू : ती होय. तिचं माप चुकलंय.

मुलगी : तुझं माप कधी चुकलंय?

जावई : मीच चुकीचं दिलं. उसवून पुन्हा करावी लागेल. वेळ लागेल जरा.

मुलगी : किती?

जावई : आईंना विचार. घाई केली तर चुण्या बिघडतात म्हणे.

मुलगी : अच्छा.

जावई : आणि होडी?

मुलगी : अर्धवट कामाची होडी कोण घेणार? सरक जरा, बसू दे. उद्याही तुम्हा दोघांचा डबा भरून देते.