मोरूआबांचा डायनासोर

थांबा, थांबा! मृदंग जरा थांबवा. टाळकरी मंडळी, टाळ मांडीवर घ्या. आणि खांबाआडच्या मावशी, तुम्ही पुढं या बघू — तिथं माझा आवाज पोचतो, पण मी पोचत नाही!

हां. पूर्वरंगात आपण काय म्हटलं? हात देवाच्या कामी लागावेत. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. फार छान डोलावल्या! आता मी तुम्हाला अडकवणार आहे. सांगा बरं — हात पवित्र कशानं होतो? त्यानं काय घडवलं, त्यावर? की कुणासाठी घडवलं, त्यावर? समजा एक हात आहे, तो जन्मभर देवच घडवतो. दुसरं काही करायचं नाही अशी शपथ आहे. आणि एके दिवशी घरातलं लेकरू तोच हात धरून म्हणतं, "मला एक अक्राळविक्राळ जनावर करून दे!" करावं? की शपथ सांभाळावी?

कोण म्हणालं "करावं"? आणि हे पुढचे काका मान हलवतायत, "छे छे!" दोघंही थांबा. आधी आख्यान ऐका, मग भांडा.

तर मंडळी, पेण गाव ठाऊक आहे ना? गणपतीचं गाव. आषाढ लागला की तिथं माणसांपेक्षा गणपती जास्त! ओट्यावर गणपती, माळ्यावर गणपती, जिन्याच्या पायरी-पायरीवर गणपती. पाहुणा आला तर त्याला टेकायला जागा नाही, बिचारा दारातच चहा पिऊन जातो.

त्या गावात मोरेश्वर साळवी नावाचे मूर्तिकार. सगळे मोरूआबा म्हणायचे. वय सत्तर. पंधराव्या वर्षी वडिलांनी हातात शाडूच्या मातीचा गोळा दिला आणि सांगितलं, "मोऱ्या, या हातांनी गणपतीच घडव. दुसरं काही नको. शपथ आहे." झालं! पंचावन्न वर्षं शपथ पाळली. एक पुढारी आले, "आबा, माझा अर्धपुतळा करा." — "नाही." एका हॉटेलवाल्याला बागेत ठेवायला बगळे हवे होते. — "नाही." अहो, लग्नानंतर बायकोनं हौसेनं मातीची चूल मागितली. चूल! — "कुंभाराकडून आण!" ती माउली जिवंत होती तोवर हे सुनावत होती म्हणतात, आणि बरोबरच केलं तिनं.

असा हा कडक माणूस. आणि कडक माणसाला देव काय देतो? नात देतो!

नातीचं नाव जुई. पाच पुरी व्हायला आठ दिवस राहिलेले. बाप जहाजावर नोकरीला, सहा-सहा महिने घरी नाही. आई शाल्मली, आबांची सून, गावातल्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची. खाली कारखाना, वर घर. जुईला वेड कशाचं? बाहुलीचं? नाही. भातुकलीचं? नाही. डायनासोरचं! "टायरॅनोसॉरस! ब्रॅकिओसॉरस! पॅकिसेफॅलोसॉरस!" — मंडळी, मी घरी आठ वेळा घोकून आलोय, तरी जीभ अडकते. सहस्रनामात नाही हो अडकत!

तर वाढदिवस डायनासोरचा ठरला. टोप्या डायनासोरच्या, केकवर डायनासोर, भिंतीवर डायनासोर. हल्ली असंच असतं. आमच्या वेळी वाढदिवस म्हणजे औक्षण, वाटीभर शिरा, आणि "आता तरी नीट वाग" हा आशीर्वाद!

आणि जुईनं बालवाडीत जाहीर करून टाकलं — "माझा आबा खराखुरा मोठ्ठा डायनासोर करणार आहे!" वर्गात ओजस नावाचा एक पोरगा. तोही मूर्तिकाराच्याच घरातला, त्याचे आजोबा विनायकशेठ म्हणजे गावातल्या मूर्तिकारांचे अध्यक्ष. तो म्हणाला, "थापाडी! तुझ्या आबाला फक्त गणपती येतात." "डायनासोर पण येतो!" "नाही येत!" "येतो!" आणि सगळा वर्ग टाळ्या पिटत ओरडायला लागला, "थापाडी! थापाडी!"

पोर घरी आली ती थेट कारखान्यात. आबांचा मातीनं भरलेला हात धरला. "आबा, तू करशील ना?"

बघा मंडळी, पणाला काय लागलं? केक नाही, टोपी नाही. पाच वर्षांच्या पोरीचा शब्द लागला! मोठ्या माणसाचा शब्द मोडला तर त्याच्याकडं दहा कारणं तयार असतात. लहान पोराला एवढंच कळतं, की ज्याच्या भरवशावर आपण बोललो त्यानं हात काढून घेतला.

आबा म्हणाले, "बाळा, आबाच्या हातानं तसलं काही होत नाही."

पोर रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. "बरं," म्हणाली आणि जिना चढून वर गेली. त्या एका "बरं"पायी आबांना त्या दिवशी घास गेला नाही. पण हटले नाहीत! वडिलांची शपथ होती ना.

शाल्मली खाली आली. पदर खोचला. "आबा, तुम्ही नका करू. मी करते." मातीत तिनं जन्मात हात घातला नव्हता! कोपऱ्यातला गोळा ओढला आणि बसली. आबांनी तिच्याकडं पाठ केली आणि गणपतींच्या सोंडा लावत बसले. एक दिवस गेला, पाय झाले. दुसरा दिवस गेला, पोट झालं. तिसऱ्या दिवशी मान लावली — धप्प! मान खाली. पुन्हा लावली — धप्प! तिसऱ्यांदा लावली — धप्प!

आबांची पाठ तिकडं, पण कान? पंचावन्न वर्षांत त्या कारखान्यात माती अशी पडली नव्हती हो!

पाठमोऱ्यानंच विचारलं, "मातीत काथ्या घातलास का?"

"काथ्या? तो कशाला?"

"आणि मानेत काठी?"

"काठी घालतात?"

"अरे देवा!" म्हणून आबा उठलेच.

आता खरं सांगू का? नातीवर जीव होता, कबूल. पण कारागिराला समोर चाललेलं भिकार काम बघवत नाही, हे त्याहून कबूल! "मी घडवणार नाही हां सूनबाई. फक्त काठी घालून देतो." काठी घातली. "फक्त मान बसवतो." मान बसवली. "एवढं वजन दोन पायांवर राहायचं नाही, याला बसता करावा लागेल. फक्त तेवढं करतो." मंडळी, हे "फक्त" फार लबाड असतं! "फक्त चव बघतो" म्हणून चकलीचा डबा मांडीवर कोण घेतं, ते मला माहीत आहे. नाव घेत नाही, पेटीवरच बसलेत.

शाल्मली शहाणी. पाण्याचं भांडं हळूच आबांच्या हाताशी सरकवलं आणि मागं सरून बसली. दोन दिवस आबा त्या जनावरापाशी. मागं रांगेनं गणपती बसलेले, बिनसोंडेचे! पावसाळी हवा, माती वाळेना. पंखे लावले, मोठे दिवे लावले. अंग रंगवायला वेळच उरला नाही, सगळं राखाडी राहिलं. उरले डोळे.

डोळ्यांच्या कामाला तिकडं आखणी म्हणतात. बाकी मूर्तीला दहा जणांचे हात लागतील, आखणी मात्र मुख्य मूर्तिकाराची. आबांनी बारीक कुंचला घेतला, श्वास धरला, आणि एका दमात दोन्ही डोळे आखले. कुंचला ठेवला. चार पावलं मागं गेले. बघितलं, आणि मटकन खालीच बसले!

काय झालं होतं? डायनासोर होता हो! शेपटी होती, पाठीवर काटे होते, हा एवढा जबडा होता. पण बसला होता कसा? एक पाय दुमडलेला, एक खाली सोडलेला! पोट? गोल, सुटलेलं, लंबोदर! उजवा पंजा वर — आशीर्वादाचा! डावा पंजा पुढं, जसा काही कुणी आता मोदक ठेवणार! दात करायचे राहूनच गेले होते. आणि डोळे! इतके मायेचे, की बघणाऱ्याला वाटावं, हा आपल्याला नावानं ओळखतो.

"सूनबाई, बिघडला गं," आबा म्हणाले. "पार बिघडला. मी मुद्दाम नाही केलं. पोरं हसतील आता पोरीला."

शाल्मलीला हसावं की रडावं कळेना. वाढदिवस तर दुसऱ्याच दिवशी! शपथ मोडली ती मोडली, आणि डायनासोरही धड झाला नाही. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. आबांना आपल्या हातच्या कामाची लाज वाटली ती त्या दिवशी, आयुष्यात पहिल्यांदा.

दिवस उजाडला. दुपारी चारला खाली कारखान्यात बावीस पोरं आली, काट्या-काट्यांच्या हिरव्या टोप्या घालून. पेंढ्यात रव्याचे लाडू मांडलेले, ती म्हणे डायनासोरची अंडी! ओजस आला, आणि त्याला घेऊन विनायकशेठ स्वतः आले. मधोमध पाटावर चादरीखाली ते झाकलेलं. आबा कुठं? दाराच्या मागं! सत्तर वर्षांचा माणूस दाराआड उभा, नातीच्या तोंडाकडं बघायची हिंमत नाही.

शाल्मलीनं चादर ओढली.

सगळ्यांत आधी ओजस म्हणाला, "हा कसला डायनासोर? हा तर बसलाय! याला दात नाहीत! हा हसतोय!" दोन-चार पोरं फिदीफिदी हसली. आबांनी डोळे मिटून घेतले.

जुई पुढं झाली. शेपटीपासून सुरुवात केली. काटे बघितले, पोट बघितलं, तो वर केलेला पंजा बघितला. सावकाश एक फेरी मारून समोर आली आणि कमरेवर हात ठेवून वळली. म्हणाली, "हा आमच्या घरचा आहे. आमच्या घरचे असेच बसतात!"

अहाहा! मंडळी, कुठल्या शाळेत शिकली असेल हे?

दारात किमया नावाची एक बारकी पोर होती. टोप्या घातलेल्या पोरांना बघूनच घाबरलेली, आत यायला तयार नव्हती. ती आईचा हात सोडून पुढं आली. त्या पंज्याचं एक बोट धरलं आणि म्हणाली, "हा चावत नाही." एक लाडू उचलला आणि त्याच्या डाव्या पंज्यात ठेवला! झालं! बघता बघता पोरांची रांग लागली! कुणी शिकवलं नव्हतं हो, कुणी सांगितलं नव्हतं. एकेकानं लाडू ठेवायचा, पंज्याला हात लावायचा, पुढं सरकायचं!

मागं राहिला एकटा ओजस. थोडा वेळ बघत राहिला, मग हळूच आला. "मला पण ठेवू दे ना."

जुई म्हणाली, "आधी सांग. माझ्या आबाला डायनासोर येतो की नाही?"

"येतो."

"मोठ्यानं!"

"येतोऽऽऽ!"

वाजवा मृदंग! आता नाही वाजवायचा तर केव्हा? पोरीचा शब्द खरा झाला! जुई दाराकडं धावली, आबांना ओढून बाहेर काढलं, सगळ्यांच्या मधोमध आणलं. "हा माझा आबा!" आणि ज्या पोरांनी "थापाडी" म्हणून टाळ्या पिटल्या होत्या, त्यांनीच आता आबांसाठी टाळ्या पिटल्या.

पण थांबा. विनायकशेठ उठले. अध्यक्ष ते! सगळं गाव त्यांचा शब्द मानायचं. म्हणाले, "मोरूभाऊ, पंचावन्न वर्षांची शपथ. मोडलीत ना?"

आबांनी मान वर केली, आणि आता त्यांना लाज वाटत नव्हती. म्हणाले, "शेठ, खोटं कशाला बोलू? मी मोडायलाच बसलो होतो. चांगला उग्र, दातांचा डायनासोर करायचा होता मला. हातांनी ऐकलंच नाही. वडिलांनी शपथ मला घातली होती. ती हातांत कधी उतरली, कळलंच नाही बघा. आता मोडीन म्हटलं तरी मोडत नाही."

विनायकशेठ पाटाजवळ गेले. बराच वेळ त्या डोळ्यांकडं बघत राहिले. मूर्तिकारच ते, त्यांना काय सांगायचं? मग त्यांनी पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या, एक लाडू उचलला आणि रांगेत, पोरांच्या मागं, उभे राहिले!

मंडळी, म्हणून सांगतो. हे चार शब्द माझेच जोडलेले आहेत, कुणा थोराचे नाहीत, गोड मानून घ्या —

हाताला जे वळण । तेच ये उमटून ।
कितीही लपवून । उघडे होई ॥

हात पवित्र कशानं होतो? काय घडवलं यावर नाही, आणि नुसतं कुणासाठी घडवलं यावरही नाही. रोज कशाचं वळण लावलं, यावर! पंचावन्न वर्षं माया घडवलीत? मग जनावर घडवा, त्यातही माया उतरेल. तुमची इच्छा असो वा नसो!

आणि आता तुमच्याकडं वळतो. हसू नका! तुम्ही म्हणाल, बुवा, आम्ही कुठं मूर्ती घडवतो? अहो, दिवसभर घडवताच आहात. ज्या बोटांतून जपाचे मणी सरकतात, तीच बोटं सुनेकडं रोखता. ज्या हातानं देवाला फूल वाहता, तो हात पोरानं दूध सांडलं की त्याच्या पाठीत बसतो. आणि त्यानं काही नवीन मागितलं, की तुमचं ठरलेलं — "आपल्यात नसतं तसलं काही!" का नसतं? कशाला घाबरता? डायनासोर आणला म्हणून घरातला देव पळून जातो का? पळून जाईल तो देव कसला? भीती डायनासोरची नाही हो. भीती याची आहे, की नवीन काही हातात घेतलं तर आपल्या हातांना खरं वळण कशाचं आहे, ते चारचौघांत दिसेल!

करा बरं दोन्ही हात वर. सगळ्यांनी! मावशी, तुम्हीसुद्धा! माझ्याकडं नका बघू, देवाकडंही नका बघू. आपापल्या हातांकडं बघा. उद्या सकाळी घरातलं लेकरू हेच हात धरायला येणार आहे, काहीतरी भलतंच मागायला. त्याला "बरं" म्हणून जिना चढायला लावू नका.

आता टाळी वाजवा. देवाला टाळ्या पुष्कळ मिळतात, आजची टाळी त्या लेकराच्या नावानं. आणि अशी वाजवा की घरी तुमची वाट बघत बसलेल्या त्या लेकराला इथून ऐकू गेली पाहिजे — वाजवाऽऽ!