फाटकातला उंबरठा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन माननीय दीपकराव सुर्वे, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, सत्कारमूर्ती आणि आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका विमला आंबेरकर बाई, शिक्षकवृंद, ग्रामस्थ, माता-भगिनी, विद्यार्थी मित्रहो, आणि या टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून आपल्याला ऐकणारी आपली दहावीतली सानिका.

सानिका, ऐकू येतंय ना? येतंय म्हणते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही पोर या घडीला मुंबईच्या हॉस्पिटलात आईसोबत बाकावर बसून आहे. रक्ताच्या कॅन्सरचे उपचार संपले. ते खरंच संपले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, एवढं सांगायला डॉक्टर तिला आज आत बोलावणार आहेत. बाई म्हणत होत्या, समारंभ पुढे ढकलू. सानिकानेच कळवलं की ढकलू नका, मला फोनवर ऐकवा, इथे नुसतं बसून जीव जातो. तेव्हा माझं बोलणं मध्येच तुटलं तर राग मानू नये. एरवी मी उभा राहिलो की लोक घड्याळाकडे बघतात, आज मीच फोनकडे बघतोय.

मी रावजी घवाळी, या गावचा गावकर, म्हणजे देवीपुढे गावाचं गाऱ्हाणं घालणारा मानकरी. माझ्या आधीचे वक्ते बाईंच्या शिस्तीबद्दल बोलले, निकालाबद्दल बोलले. मी बाईंच्या अपराधाबद्दल बोलणार आहे. हसताय काय? या बाईंनी आपल्या ग्रामदेवीची पालखी भर वाटेत अडवली होती, ते विसरलात?

दोन वर्षांमागचा शिमगा. सानिका तेव्हा आठवीत. औषधांनी अंगातल्या पांढऱ्या पेशी इतक्या उतरलेल्या की साधी सर्दीही तिला घेऊन गेली असती. मुंबईहून घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं होतं, गर्दी नको, धूळ नको. बाईंनी ते अख्ख्या शाळेकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. सानिकाच्या बाकावर फोन ठेवायचा आणि मग वर्ग सुरू करायचा. तिच्या वाडीतलं पोर शिंकलं की त्याला सरळ घरी पाठवायचं. त्या वर्षी वाडीतल्या पोरांना शिंका जरा जास्तच येत होत्या, हेही इथे नमूद करतो.

पण शिमगा काही शाळेला विचारून येत नाही. आपल्याकडे वर्षातून एकदा देवी आपण होऊन घरोघर जाते. टाळते ती फक्त सुतकाचं घर. बाई सानिकाच्या आईला, सगुणाला समजावायला गेल्या, की यंदा पालखी नको. सगुणा काय म्हणाली? "बाई, सुतकाचं घर टाळतात. माजी पोर जिती हाय." पण बाई मागे सरल्या नाहीत.

पालखी खालच्या वाडीच्या पाणंदीला लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ढोल, ताशे, गुलाल, मुंबईहून आलेले चाकरमानी, सगळा गाव मागे. बघतो तर सगुणाच्या फाटकात बाई उभ्या, आणि गडग्याच्या दगडी कुंपणाला लागून आठवीचा वर्ग हातात हात धरून उभा. त्यात आमची नात मनस्वी. सकाळी माझ्याच पाया पडून निघाली होती, देवीला जाते म्हणून!

मी म्हटलं, "बाई, बाजूला व्हा. देवीची वाट अडवू नये."

"देवीला कुठे अडवतेय, गावकर? तुम्हाला अडवतेय," बाई म्हणाल्या. "मागे एवढी माणसं आहेत. त्यात खोकला कुणाला आहे, सांगा बघू."

आणि तेवढ्यात मागे कुणीतरी खोकलं.

मंडळी, निघालेली पालखी आपण माघारी नेत नाही, आणि सहाणेच्या चौथऱ्याखेरीज कुठे टेकवत नाही. म्हणजे पुढे बाई, मागे फिरायचं नाही, खाली ठेवायचं नाही. खांदेकऱ्यांचे खांदे भरून आले. ढोल बंद पडले. पोरं तापली, मीही तापलो. "ओढा गो त्यांना बाजूला," असं कुणीतरी बायकांना सांगितलंसुद्धा. बाईंनी फाटकाची कडी सोडली नाही. आणि खिडकीच्या काचेमागे ही पोर, डोक्यावर केस नाही, तोंडाला मास्क, हे सगळं बघत होती. आपल्यापायी गाव भांडतोय हे तिला कळत नव्हतं का? मला तर वर बघवेना.

तेव्हा सगुणा बाहेर आली. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात ओटीचं ताट. फाटकातल्या दगडावर पाणी ओतलं, तो पदराने पुसला, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "गावकारानू, माजा उंबरठा आजपास्नं हितं. देव दारात आला. आता घाला गाऱ्हानं."

आयुष्यभर मी गावाला रीतभात सांगत आलो. उंबरठा घराचा की घरातल्या बाईचा, हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी देवीचे गुरव आप्पा, त्यांच्याकडे बघितलं, आप्पांनी माझ्याकडे. मग तोंडाला उपरणं बांधलं आणि तिथूनच गाऱ्हाणं घातलं. बाईंनी आपला फोन लावून आतल्या सानिकाला ऐकवलं. गावाने रुमालाआडून "व्हय म्हाराजा" म्हटलं ते अगदी हळू, गुणगुणल्यासारखं. मोठा आवाज एकच आला, तो फोनमधून. मी पुढचं गाऱ्हाणं म्हटलं. बाईंचे मात्र ओठ हलले नाहीत. त्या अजून गर्दीत कोण खोकतंय ते बघत होत्या.

तर अध्यक्ष महाराज, बाईंचं चुकलंच. देवीची वाट अडवू नये, हे मी आजही म्हणतो. पण उद्या पुन्हा तशीच वेळ आली आणि फाटकात बाई नसल्या, तर मला भीती वाटेल. एवढंच मला... थांबा हां.

सानिका? काय म्हणालीस? नाव पुकारलं?

जा बाळा. आईचा हात धर. फोन बंद करू नको, खिशात ठेव. आम्ही आहोत.

मंडळी, उभे राहा. गाऱ्हाणं घालतो. आवाज बेताचा ठेवा, तिच्या खिशातून हॉस्पिटलात गाव ओरडायला नको.

हे आई, तुझी लेक आज परक्या दारातून आत जातेय, तिला हसत्या तोंडाने बाहेर आण, व्हय म्हाराजा! तिच्या आईने ज्या दगडाला उंबरठा म्हटलं, त्यावरून तिला पुन्हा घरात घे, व्हय म्हाराजा! आणि गुहागरहून इथे शिकवायला आलेली ही बाई तुझ्या वाटेत आडवी उभी राहिली, ती तुझ्याच लेकरासाठी राहिली, तिचा अपराध पोटात घाल, व्हय म्हाराजा!

बाई, या खेपेला पहिला आवाज तुमचा आला. मी ऐकला.

अध्यक्ष महाराज, मला बोलू दिलंत, आपला ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही चुकलंमाकलं असेल तर तेही याच गाऱ्हाण्यात घाला. बसा सगळे, पण निरोप कळल्याशिवाय घरी कुणी जाऊ नका, चहा जागेवर येईल. आणि आता कुणी बोलू नका. फोनमधून दार उघडल्याचा आवाज आला.