भिंतीतल्या पेशी

ताई: आधी तो बर्नर बंद कर.

बाळ्या: अगं, काच आत्ता कुठे मऊ झालीय. मध्येच सोडली तर तडकेल. आणि भांडं तुझ्याच प्रयोगशाळेचं आहे, परक्याचं नाही.

ताई: तडकू दे. तोंडातली नळी काढ. फुंकू नकोस.

बाळ्या: काच फुंकणाऱ्याला म्हणे फुंकू नकोस! मग खायचं काय, हवा?

ताई: बाळ्या, फोन का उचलत नाहीस सकाळपासून?

बाळ्या: हातात तापलेली काच घेऊन? कोणाचा होता?

ताई: परवा स्कॅन केला ना, त्या डॉक्टरांचा. तू सापडेनास म्हणून त्यांनी मला लावला.

बाळ्या: तुझ्या हट्टापायी गेलो होतो हां मी. मला धाड भरलेली नाही.

ताई: हृदयातून निघते ना ती मोठी धमनी. छातीतच फुगलीय तुझी. बरीच.

बाळ्या: बाबांसारखी?

ताई: बाबांची बघितलीच कोणी नव्हती. बुटाची नाडी बांधायला वाकले ते तिथेच. मी दारात उभी होते.

बाळ्या: माहितेय. मी शाळेत होतो.

ताई: त्यापायीच तर हा उद्योग पत्करला. अख्खी हयात एका पेशीच्या मागे घालवली. धमनीच्या भिंतीतले ते...

बाळ्या: गुळगुळीत स्नायू. पाठ आहे मला. जेवताना दुसरा विषय कधी निघाला घरात? स्नायू गुळगुळीत, बाईचं बोलणं खरखरीत.

ताई: हस, हस. ते आपल्या सांगण्यावरून हलत नाहीत. ठोका पडला की ताणायचं, पुन्हा आखडायचं, भिंत सावरून धरायची. जन्मभर. तुझ्या दंडाच्या कातडीचा तुकडा घेतला होता ना? त्यातून तशाच पेशी वाढवल्या मी. त्या आखडत नाहीत रे. ताणल्या की ताणलेल्याच राहतात. ते बघितलं आणि तुला स्कॅनला पिटाळलं.

बाळ्या: आणि तुझ्या?

ताई: माझ्या ठणठणीत.

बाळ्या: वा! म्हणजे लांब बोटांपासून धमनीपर्यंत बाबांची सगळी इस्टेट माझ्याच नावावर.

ताई: अर्धी मी घेतली असती. आनंदाने.

बाळ्या: ए, डोळे पूस. तुझ्याकडे औषध असेल ना काहीतरी?

ताई: एवढी वर्षं तेच शोधतेय. नाही मिळालेलं. ऑपरेशन आहे. आजच या म्हणतायत.

बाळ्या: उद्या जाऊ. आज हे भांडं उरकतो. तसंही पाठीत उसण भरलीय, गॅसचा सिलिंडर सरकवला ना मघाशी.

ताई: कुठे?

बाळ्या: इथे. खांद्यांमागे, दोन खवाट्यांच्या मध्ये.

ताई: हळूहळू आली की एकदम?

बाळ्या: एकदम. टर्रकन काहीतरी फाटावं तशी. आता जरा कमरेकडे उतरलीय. ताई? अशी काय बघतेस?

ताई: काही नाही. त्या खुर्चीत मागे टेकून बस. वाकू नकोस. बूट राहू दे पायात.

बाळ्या: तुझा आवाज बदललाय.

ताई: हॅलो? अ‍ॅम्ब्युलन्स हवीय, ताबडतोब. माझा भाऊ. हो, शुद्धीवर आहे. छातीतली धमनी फाटायला लागलीय, सर्जनना तसंच सांगा, त्यांच्याकडे स्कॅन आहे. नाही, मी डॉक्टर नाही. मला माहितेय, एवढं पुरे.

बाळ्या: इतकं शिकून शेवटी 'मी डॉक्टर नाही'.

ताई: बोलू नकोस.

बाळ्या: पोरीला कळवू नकोस हं. उद्या तिची पोहण्याची स्पर्धा आहे.

ताई: बरं.

बाळ्या: ताई, गार वाटतंय गं. भट्टीशेजारी बसून गार.

ताई: माझा हात धर. घट्ट. आले बघ, जिन्यात वाजतायत पावलं.

(दुसऱ्या दिवशी दुपारी, हॉस्पिटलमधलं बाक. बाळ्याची मुलगी आली आहे.)

भाची: आत्या, बाबांनी डोळे उघडले! बोट दाबलं माझं.

ताई: मलाही दिसलं काचेतून. फाटलेला भाग काढून कापडाची नळी शिवलीय. ती धरेल. काच फुंकणं मात्र संपलं त्याचं.

भाची: आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, म्हणाले सर्जन. तुझ्यामुळे वाचले.

ताई: वाचला, तेवढं खरं.

भाची: आणि मला का नाही गं कळवलंस काल?

ताई: त्याला कबूल केलं होतं. रात्र निघाली नाही माझ्याच्याने, म्हणून पहाटे फोन केला.

भाची: स्पर्धा हुकली ती हुकली. कोच चिडलेत, पण पुढच्या महिन्यात दुसरी आहे. तिथे उतरते.

ताई: बघू.

भाची: बघू काय? तुला विचारून पोहते का मी? आणि सकाळपासून माझ्या हातांकडे काय टक लावून बघतेयस?

ताई: बोटं लांब आहेत तुझी.

भाची: मग! वल्ही म्हणतात सगळे. बाबांवर गेलीत.

ताई: हो. आजोबांचीही अशीच होती.

भाची: आणि तुझी?

ताई: माझी आखूड आहेत.