तिसऱ्या देशातलं वावर

अकोल्याच्या स्टँडवर अकोटच्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोन शेतकरी बोलत होते.

"खुशालराव, तुमची पोरगी अपेक्षा जर्मनीतच शिकून राहिली ना?"

"हो. पण शनिवारी बेल्जियमले गेली होती. रविवारी वापस."

"दोन दिवसात दुसरा देश?"

"आपण शेगावले जातो तसं. तिसरा देश झाला तिचा."

"फोटो दाखवा ना मंग."

"हा पाहा."

"हे तं वावर हाय. अपेक्षा कुठी हाय याच्यात?"

"फोटो तिनंच काढला. जिथं जाशीन तिथली माती पाहून ये, म्हणतो मी तिले."

"काय म्हणते मंग?"

"आपल्यासारखी काळी कुठंच नाही म्हणते."

"शिकल्यावर येईन का वापस?"

"त्याच्यासाठीच तं माती पाह्यले लावतो."